माठाच्या तळाशी वसलेलं गाव

मार्च संपता संपता मी आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एक साधा प्रयोग करून घेते. बीएस्सीच्या मुलामुलींना काचेच्या तीन-तीन पट्ट्या देते. एक पट्टी घरच्या माठात, एक कूलरच्या टाकीत आणि एक गच्चीवरच्या टाकीत दोऱ्याने बांधून सोडायची. तीन दिवसांनी काढून आणायची, साध्या पाण्याने हलकेच धुवायची, वर क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाचे चार थेंब टाकायचे, थोडं थांबायचं आणि परत धुवायचं. काच गुळगुळीत असते. तिच्यावर रंग टिकायला नको. तरी टिकतो.

गेल्या वर्षी एक मुलगी माठातली पट्टी घेऊन आली. रंग धुतल्यावरही काच जांभळीच राहिली, तशी ती गोंधळली. "मॅडम, पाणी तर एकदम साफ होतं. आम्ही रोज तेच पिऊन राहिलो ना!" मी तिला आधी माठातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. कुठे एखादा चुकार जिवाणू होता, बाकी काही नाही. मग पट्टी ठेवली. जांभळ्या ठिपक्यांची दाटी, कुठे ढीग, कुठे पातळ थर, मधूनच बोळासारख्या मोकळ्या वाटा. पाणी साफ होतं हे तिचं म्हणणं खरंच होतं. वस्ती पाण्यात नव्हतीच, काचेवर होती.

या वस्तीला शास्त्रात बायोफिल्म म्हणतात. आपल्याकडे तिला फार आधीपासून नाव आहे: बुळबुळ. माठाच्या आतून बोट फिरवलं की लागते ती, कूलरच्या तळाशी असते ती, न्हाणीघराच्या कोपऱ्यात पाय सरकतो ती, सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली की जाणवते ती. या सगळ्या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. आपण बुळबुळीला नुसती घाण समजतो. ती घाण नाही, ते बांधकाम आहे.

नागपूरभोवती लेआऊट कसे पडतात ते आठवा. उघड्या माळावर आधी कोणीतरी एकटा घर बांधतो. ना रस्ता, ना नाली. मग दुसरा येतो, तिसरा येतो, बोअर होते, मातीचा रस्ता होतो, आणि बघता बघता तिथे किराणा दुकान उघडतं. जिवाणूंचंही असंच. पाण्यात तरंगणारा जिवाणू पृष्ठभागाला लागतो, आपल्या शेपटीसारख्या आणि केसांसारख्या तंतूंनी चाचपतो. सुरुवातीला तो सहज सुटूही शकतो. पण तो टिकला तर काही तासांत स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडायला लागतो. साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं, फुटून मेलेल्या भाऊबंदांचा डीएनए, सगळं त्या चिकट्यात असतं. बहुतेक बायोफिल्म वाळवून वजन केलं, तर त्यात जिवाणू दहा टक्क्यांहून कमी भरतात. बाकी सगळा हा चिकटा. म्हणजे बोटाला लागते ती बुळबुळ बहुतांशी घरंच असतात, राहणारे थोडे. आणि त्या घरांमधून पाण्याच्या वाटाही असतात, त्यांतून आत अन्न जातं आणि बाहेर मळी येते.

एकत्र कामाला कधी लागायचं, हे या जिवाणूंना कसं कळतं? प्रत्येक जिवाणू एक बारीकसं रसायन सतत बाहेर सोडत असतो. एकटा असला तर ते पाण्यात विरून जातं. गर्दी झाली की ते साठतं, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की सगळ्यांचे जनुकीय बटण एकदम दाबले जातात. आपल्याकडची काळीपिवळी जशी सवाऱ्या भरल्याशिवाय स्टँड सोडत नाही, तसंच. भरली की मात्र थांबत नाही. विष सोडायचं असेल, चिकटा वाढवायचा असेल, सगळे मिळून करतात. वस्ती फार दाटली किंवा अन्न संपलं की काही जण सुटतात आणि प्रवाहाबरोबर पुढे नवी जागा शोधायला निघतात. हे सुटून निघणं लक्षात ठेवा, पुढे नळाच्या पाण्याशी त्याचा संबंध येणार आहे.

हे पहिल्यांदा पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता, कापडाचा व्यापारी होता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक. त्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली आपल्याच दातांवरचा पांढरा थर ठेवला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने ते पत्राने कळवलं. पण त्याच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. नंतर दातांच्या फटीतला थर काढला तर त्यात जिवंत जीव होतेच. मग तोच थर बाहेर पाण्यात कालवून त्यात व्हिनेगर घातलं, तर ते लगेच मेले. त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर होता: तोंडात असताना व्हिनेगर थराच्या आत पोचलंच नाही, फक्त वरवरचे मेले.

साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आज पाण्याची टाकी, लघवीची नळी आणि कृत्रिम गुडघा या तिन्हींना लागू आहे. मधल्या काळात मात्र ते मागे पडलं. एकोणिसाव्या शतकात जिवाणू एकेकटे वेगळे काढून बाटलीत वाढवायचं तंत्र सापडलं. त्याने कॉलरा, क्षय, टायफॉईडचे जंतू ओळखता आले, हे फार मोठं काम झालं. पण त्यामुळे जिवाणू म्हणजे द्रवात तरंगणारा एकटा जीव, असं चित्रही पक्कं बसलं. औषधं त्याच्यावरच तपासली जात. १९७०च्या दशकात कॅनडातल्या बिल कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी ओढ्यांमध्ये पाहिलं तर वाहत्या पाण्यात जिवाणू थोडे आणि तळच्या दगडांवर चिकटलेले अफाट. १९७८ पासून ते ठासून सांगू लागले की निसर्गात जिवाणूंची राहायची रीतच ही आहे, तरंगणं हा त्यांचा प्रवास आहे. डॉक्टरमंडळींना हे पटायला त्यानंतरही बराच काळ गेला.

औषध आत का पोचत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. क्लोरीनचं उदाहरण घेऊ. क्लोरीन निवडून मारत नाही, समोर जे येईल त्याच्याशी भिडतो. बुळबुळीच्या वरच्या थरातल्या साखरेशी, प्रथिनांशी भिडता भिडताच तो संपून जातो. आतल्यांपर्यंत जाईतो त्यात दम उरत नाही. अँटिबायोटिकची गोष्ट आणखी निराळी. पेनिसिलिनसारखं औषध वाढत्या जिवाणूची भिंत बांधायचं काम बिघडवतं. थराच्या तळाशी अन्न आणि प्राणवायू कमी, म्हणून तिथले जिवाणू जवळजवळ झोपलेले असतात. जो भिंत बांधतच नाही, त्याचं बांधकाम बिघडवणार कसं? औषधाचा कोर्स संपला की हे झोपलेले जागे होतात. तिसरी गोष्ट म्हणजे इतकं चिकटून राहिल्यावर शेजाऱ्याला जनुकं देणंघेणं सोपं होतं, आणि त्यात औषधाला न जुमानण्याची जनुकंही असतात. बायोफिल्ममधला जिवाणू मारायला तरंगत्या जिवाणूच्या तुलनेत दहापटींपासून हजारपटींपर्यंत औषध लागू शकतं. एवढी मात्रा माणसाच्या शरीराला झेपत नाही.

हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. माझ्या बाबांच्या वेळी मात्र मला ते सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बाबांना प्रोस्टेटच्या त्रासामुळे लघवीची नळी लावली होती. शहरातल्या एका रुग्णालयातून आम्ही त्यांना नळीसकट घरी आणलं. दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप आला. अँटिबायोटिक सुरू झालं, दोन दिवसांत ताप उतरला, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. औषध संपून चार दिवस होत नाहीत तो परत ताप. मग दुसरं औषध, आधीपेक्षा महागडं. परत तेच. नळी मात्र तीच. तिसऱ्या वेळी एका वयस्कर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ही नळी कधीची आहे?" नळी बदलली, नव्या नळीतून नमुना घेतला, त्यावरून औषध ठरवलं. ताप गेला तो गेला.

काढलेली जुनी नळी मी सिस्टरांकडून मागून घेतली, त्यांनी ती कात्रीने उभी चिरून दिली. आतून ती रबरासारखी राहिलीच नव्हती. पिवळट करडा थर होता, नखाने खरवडला तर वाळूसारखा कचकचला. प्रोटियस नावाचा जिवाणू लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतो, त्याने लघवी अल्कधर्मी होते, क्षार खाली बसतात आणि बुळबुळीवर दगडी गिलावा चढतो. या किल्ल्यावर आम्ही तीन आठवडे गोळ्या मारत होतो.

नळी घातल्यापासून दर दिवसाला लघवीत जिवाणू आढळण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते असतात. म्हणून घरात कोणाला नळी असेल तर रोज एकच प्रश्न विचारायचा: आज तिची खरंच गरज आहे का? हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला तर डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी विचारावा. कृत्रिम सांधा, हृदयातली झडप, शिरेतली मोठी सुई, सगळीकडे धोका याच प्रकारचा. मधुमेही पायाची चिघळलेली जखम ड्रेसिंगच्या वेळी खरवडून काढतात, तेव्हा बघवत नाही. पण मलमाआधी तो थर निघणं आवश्यक असतं, आणि तो एक-दोन दिवसांत पुन्हा धरू लागतो म्हणून ड्रेसिंग चुकवायचं नसतं.

आता पाण्याकडे. नागपूरला पाणी येतं ते मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. शुद्धीकरण केंद्रात ते गाळलं जातं, क्लोरीन दिलं जातं, आणि मग ते जमिनीखालच्या नळांतून मैलोगणती प्रवास करून आपल्याकडे येतं. त्या नळांच्या आतल्या भिंतींवर बायोफिल्म असते. जगातल्या कुठल्याही शहराच्या नळांत असते, यात नागपूरचं कमीपण काही नाही, आणि तिच्यात राहणारे बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असतात. पाणी सतत आणि एका दाबाने वाहत राहिलं, त्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहिला, तर ही वस्ती पातळ आणि दबून राहते. गडबड होते ती पाणी बंद-चालू झालं की. नळ रिकामा पडतो, आतला दाब जातो, सांध्यांमधून आणि चिरांमधून बाहेरचं मैलपाणी आत ओढलं जातं. मग पाणी सुटतं तेव्हा पहिल्या जोराच्या धारेने भिंतीवरचा थर उखडतो. पहिली बादली गढूळ येते ती अशी. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी चोवीस तास पाणी असलेले आणि अधूनमधून पाणी येणारे भाग शेजारी ठेवून तपासले, तेव्हा अधूनमधून येणाऱ्या पाण्यात दूषण जास्त वेळा सापडलं, आणि पहिल्या धारेचं पाणी विशेष वाईट निघालं.

म्हणून पहिली बादली प्यायला भरू नका, फरशी पुसायला किंवा झाडांना वापरा. आणि टिल्लू पंप थेट नळाला लावू नका. त्याने शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याबरोबर नळाभोवतीच्या मातीतलं पाणीही ओढलं जातं, हे फारसं कोणी बोलत नाही.

इथे तपासणीतली एक खोच सांगते. पाण्याचा नमुना घेताना आधी नळ दोन-तीन मिनिटं वाहू देतात, तोंड ज्योतीने निर्जंतुक करतात आणि मग बाटली भरतात. मुख्य वाहिनीतलं पाणी कसं आहे हे कळण्यासाठी पद्धत बरोबर आहे. पण पहिल्या धारेत काय आलं हे त्या बाटलीत दिसत नाही. अहवाल चांगला आणि मोहल्ल्यात मात्र जुलाब, असं झालं की लोक अहवाल खोटा म्हणतात. अहवाल खोटा नसतो, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो. त्यापेक्षा वस्तीत आरोग्य कर्मचारी करतात ती ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट मला फार आवडते. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी मुक्त क्लोरीन हवा. रंगच आला नाही, तर वाटेत कोणीतरी तो खाऊन बसलंय, आणि बऱ्याचदा ती बुळबुळ असते.

कूलरचा विषय नागपूरकरांसमोर टाळून चालणार नाही. १९७६च्या जुलैमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर २२१ लोकांना न्यूमोनिया झाला आणि ३४ जण दगावले. सहा महिने कारण सापडेना. १९७७च्या जानेवारीत जो जिवाणू सापडला त्याचं नाव सैनिकांवरूनच लिजिओनेला पडलं. तो बायोफिल्ममध्ये राहतो, तिथे चरायला आलेल्या अमिबाच्या पोटात शिरून वाढतो, आणि पाण्याच्या बारीक तुषारांतून फुफ्फुसात जातो. मोठ्या इमारतींचे कूलिंग टॉवर आणि गरम पाण्याचे शॉवर ही त्याची आवडती ठिकाणं. आपल्या घरच्या कूलरमधलं पाणी बाष्पीभवनाने बरंच गार राहतं, त्यामुळे तिथे त्याचा धोका पुष्कळ कमी. पण लिजिओनेलाला वाढायला साधारण २० ते ४५ अंश तापमान लागतं, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी सहज त्या पट्ट्यात येतं.

कूलरमधला मोठा धोका डासाचा. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या भिंतीला चिकटवतो. टाकी नुसती रिकामी करून वाळवली तरी ती अंडी कित्येक महिने टिकतात आणि पुढच्या पाण्यात फुटतात. म्हणजे कूलरही घासूनच काढावा लागतो, आणि पाणी बदलताना दर आठवड्याला.

नळाला बांधलेल्या फडक्याबद्दल थोडं. कॉलऱ्याचा जिवाणू तळ्या-नद्यांत एकटा कमीच फिरतो, बारीक जलचरांच्या अंगावर थर करून बसतो. रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला शिकवलं, आणि कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. जलचर अडले, त्यांच्यावर बसलेले जंतूही अडले. आपल्या आज्यांचं फडकं त्यामुळे अडाणी नव्हतं. पण त्या बायका कापड धुऊन उन्हात वाळवत होत्या. नळाला महिनोन्महिने ओलं लोंबकळणारं काळपट फडकं काढून टाकलेलं बरं, कारण आता ती बुळबुळीला मिळालेली आणखी एक भिंत झाली आहे. आणि फडक्याने गाळलं म्हणून उकळणं किंवा क्लोरीन टाकणं सुटत नाही.

या जिवांवर एकतर्फी राग धरावा असंही मला वाटत नाही. १८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये कॉलरा आला आणि काही आठवड्यांत ८,६०० हून अधिक माणसं मेली. हॅम्बुर्गला लागून असलेलं आल्टोना शहर त्याच एल्बे नदीचं पाणी पीत होतं, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचं, आणि तरी जवळजवळ वाचलं. दोन्ही शहरांच्या सीमेवरच्या रस्त्यावर एका बाजूला कॉलरा आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं दिसत होतं. फरक एवढाच होता की आल्टोना पाणी वाळूतून संथ गाळून घेत असे. वाळूच्या वरच्या थरावर काही आठवड्यांत बुळबुळीत पापुद्रा धरतो, त्याला जर्मन लोक श्मुत्सडेके म्हणतात, शब्दशः घाणीचं पांघरूण. ते पांघरूणच जंतूंना अडवत होतं, खात होतं. नवी वाळू घातली की पापुद्रा धरेपर्यंत त्या गाळणीचं पाणी पिण्यासाठी सोडत नाहीत.

आपल्या वर्धा रोडवरच्या नीरीचं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं, कामही याच धाग्यातलं आहे. १९५८ साली सुरू झालेल्या या संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत तयार केली. दगडगोट्यांच्या वाफ्यात पाणवनस्पती लावायच्या आणि सांडपाणी त्यांच्या मुळांमधून हळूहळू जाऊ द्यायचं. लोकांना वाटतं झाडं पाणी साफ करतात. झाडांचा वाटा आहेच, पण मुळांवर आणि गोट्यांवर वसलेली बायोफिल्म मोठं काम उरकते. भांडेवाडीच्या केंद्रात साफ झालेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तिथेही मैला खाणारे जिवाणूच असतात, गुठळ्या करून राहणारे. आणि तेच पाणी वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरमध्ये गेलं की तिथे बुळबुळ धरू नये म्हणून औषध टाकावं लागतं.

घरासाठी जे करायचं त्याचा क्रम चुकवू नका: आधी घासणं, मग औषध. टाकी पूर्ण रिकामी करा, तळाचा गाळ काढा, नायलॉनच्या कडक ब्रशने भिंती, कोपरे आणि झाकणाची आतली बाजू घासा. प्लॅस्टिकच्या टाकीला तारेची घासणी लावू नका, ओरखड्यांत वस्ती आणखी घट्ट बसते. धुऊन मळी काढून टाका. मग टाकी भरून हजार लिटरला दीडशे ग्रॅम ताजी, ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून टाका, रात्रभर ठेवा, सकाळी ते सगळं पाणी सोडून द्या आणि वास जाईपर्यंत धुवा. हे पाणी पिण्याचं नाही. ब्लीचिंगबरोबर संडास धुण्याचं ॲसिड कधीही वापरू नका, विषारी वायू निघतो. माठ दर दोन-तीन दिवसांनी आतून हाताने, काथ्याने घासून उन्हात पालथा घाला. साबण नको, तो मातीत मुरतो. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

त्या मुलीने घरी जाऊन भावाच्या मदतीने टाकी घासली. तिने सांगितलं की आई म्हणाली, "काहून एवढं घासून राहिली, दिसून तर काही नाही राहिलं." नंतर तिने परत पट्टी सोडली. तीन दिवसांनी आणली ती जवळजवळ कोरी होती, एका कडेला फिकट जांभळी झाक. पंधरा दिवसांनी आणली ती बरीच रंगली. दोन महिन्यांनी ती पहिल्यासारखीच झाली, आणि हे तिनेच तिच्या वहीत तारखांसह लिहून ठेवलंय. त्यांच्या गच्चीवरच्या टाकीवर आता पांढऱ्या ऑइल पेंटने घासल्याची तारीख असते. खालची जुनी तारीख खोडून नवी लिहितात, भावाच्या अक्षरात.